उमरी, उंबर आणि उंबरा

नांदेडहून निजामाबादकडे जाताना मुदखेड मागे पडलं की उमरी येते. 1948 च्या बँक लुटीने हे गाव हैदराबाद मुक्तिसंग्रामात गाजलं. मला मात्र त्याच्या नावातलं झाड सोडत नाही.

उमरी म्हणजे उंबराची. कुणी म्हणेल, निजामी मुलूख, उमर नावाच्या कुणावरून पडलं असेल. मग उमरगा, उमरखेड, उमरेड, सगळीकडे उमरच कसे भेटले? आंबा, लिंब यांतला ‘ब’ मराठीने जपला, मग उंबराचाच का गेला, ही हरकत मात्र खरी. शेजारच्या हिंदी मुलखात याच झाडाला ऊमर म्हणतात. इथल्या बोलीनेही तोच घास गिळला असं मी धरतो.

उंबराची फळं थेट खोडाला लगडतात, फुलं फळाच्या पोटात आणि चिलटंही तिथंच; म्हणून ‘उंबर फोडून केंबरे काढणे’. पिकलं लाल उंबर तरी पोरं झटकून खातातच.

पण मला अडवलं ते घराच्या उंबऱ्याने. मंदिरस्थापत्यात गाभाऱ्याच्या दाराखालच्या दगडी पट्टीला उदुंबर म्हणतात, आणि झाडाचं संस्कृत नावही उदुंबरच! विरोधी पक्ष म्हणतो, पालीत उंबऱ्याला ‘उम्मार’ आहे. तो शब्द वेगळाच, पंडितांनी त्याला झाडाचं नाव चढवलं. शिवाय उंबराचं लाकूड हलकं, लवकर कुजणारं. रोज पाय पडतो तिथं ते कोण बसवील?

पाण्याखाली मात्र हेच लाकूड टिकतं, म्हणून विहिरीच्या चौकटीला ते वापरत. आणि बळकटपणा हाच निकष कशाला? सोमयागाच्या मंडपात रोवायची औदुंबरी उंबराचीच, राजाच्या अभिषेकाची आसंदीही उंबराची. ब्राह्मणग्रंथांना हे झाड म्हणजे साक्षात ऊर्जा. घरात शिरण्याच्या जागी ती हवीच. पुढे लाकूड बदललं, दगड आला, नाव राहिलं. धर्माबाद ओलांडून तेलंगणात गेलं की झाड ‘मेडी’ होतं आणि उंबरा ‘गडपा’. तिथं ही जोडी तुटते.

माझा खरा साक्षीदार नरसिंह आहे. हिरण्यकश्यपूला त्याने मारलं ते उंबऱ्यावर, ना घरात ना बाहेर. मग विषाने जळणारी नखं त्याने खुपसली ती उंबराच्या फळात. गुरुचरित्राच्या 19 व्या अध्यायात औदुंबराचा महिमा आहे तो यावरूनच. ज्याने ही कथा पहिल्यांदा सांगितली, त्याच्या कानात दोन्ही उंबर एकच वाजत होते.