ताप उतरला, पुढे काय?

"पेशंट कसा आहे?" या प्रश्नाचे आपल्याकडे ठरलेले उत्तर असते : "ताप उतरला, आता बरा आहे." गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या मेंदूज्वरात मात्र खरी कहाणी इथून पुढे सुरू होते.

१९३७ साल. सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील जंगलांत लाकूडतोडे आणि सैनिक एका अनोळखी मेंदूज्वराने आजारी पडत होते. लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली मॉस्कोहून शास्त्रज्ञांची तुकडी गेली. एकाच हंगामात तिने विषाणू शोधला आणि तो गोचीड पसरवते हेही दाखवून दिले. त्याच वर्षी झिल्बर यांना शाबासकीऐवजी अटक झाली. तुकडीतल्या मिखाइल चुमाकोव्ह यांनी तिशीही गाठली नव्हती. काम करताना त्यांनाच लागण झाली. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि कानांनीही दगा दिला.

हा विषाणू कधीकधी मानेतल्या मज्जारज्जूवर घाला घालतो. खांदा आणि दंड हलवणाऱ्या तिथल्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पोलिओतही असेच घडते. याच चुमाकोव्ह यांनी १९५५ मध्ये मॉस्कोत पोलिओ संशोधन संस्था उभारली आणि १९५९ पासून पत्नी मरिना व्होरोशिलोव्हा यांच्यासह सेबिन लस कोट्यवधी मुलांपर्यंत पोचवली. १९९३ मध्ये ते वारले. हात परत आला नाही, काम परत आले!

सर्वांचे नुकसान असे डोळ्यांना दिसत नाही. युरोपातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे कित्येक महिने, काहींना कायमचा, थकवा, विसराळूपणा, तोल जाणे असा त्रास राहतो. लस आहे, विषाणूवर हमखास औषध मात्र अजून नाही. उरतो तो व्यायाम, विश्रांती आणि घरच्यांचा धीर.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला तिथला विषाणू या रशियन विषाणूचाच भाऊबंद निघाला. तोच 'माकडताप' २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. त्यातही काहींना ताप उलटतो, मेंदूची लक्षणे दिसतात आणि अशक्तपणा बरेच दिवस रेंगाळतो.

तेव्हा मंडळी, रानातून फिरून आल्यावर अंग जरूर तपासा. आणि ओळखीचे कोणी अशा आजारातून उठले असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा फोन करून विचारा, "आता कसे आहात?"