कमवा आणि शिका योजना

अंगमेहनतीच्या मोबदल्यात उच्च शिक्षण घेण्याची रयत शिक्षण संस्थेची योजना. कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) यांनी 1919 मध्ये काले (ता. कराड) येथे संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. एका पंगतीत जेवणारी ही मुले स्वयंपाक, शेतकाम, बांधकाम स्वतः करीत. वसतिगृहाला गावाचा आधार होता तो मुष्टिफंडाचा : दळणकांडणाच्या वेळी घरची बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी, मुले ते गोळा करून आणीत. पैसा नसलेल्या घरालाही देता येईल अशी ही देणगी होती, आणि तिचे मोल मोठ्या देणग्यांहून कमी मानता येणार नाही. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही.

1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि कष्ट करून शिकण्याची हीच पद्धत पदवीपर्यंत पोहोचली. सकाळी हातात कुदळ-घमेले, नंतर वर्गात पुस्तक, असा विद्यार्थ्याचा दिवस असे. फी आणि जेवण कष्टातून भागत असल्याने पैशाअभावी शिक्षण अर्ध्यावर सोडण्याची वेळ टळे. पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही याच नावाची योजना स्वीकारली. तीत विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत तासांवर काम करतात.