पोलीस विभागीय चौकशी

पोलीस दलातील अधिकारी वा अंमलदार यांच्यावरील गैरवर्तन, कर्तव्यातील कसूर किंवा भ्रष्ट आचरणाच्या आरोपांची दलाने स्वतः केलेली, नियमबद्ध तपासणी. तिला खातेनिहाय चौकशी असेही म्हणतात. पोलिसांच्या बोलीत ती नुसती ‘डीई’ असते. काही ठिकाणी हे काम वेगळ्या शाखेकडे असते : न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात, त्यातील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या मॉलन आयोगाचे काम चालू असताना, १९९३ मध्ये, ‘अंतर्गत व्यवहार ब्यूरो’ नावाची स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि तिचा प्रमुख थेट पोलीस आयुक्तांना उत्तरदायी ठरला. महाराष्ट्रात दलाची शिस्त मुख्यतः अशा वेगळ्या शाखेवर नव्हे, तर नेहमीच्या अधिकारश्रेणीतून चालणाऱ्या या प्रक्रियेवर सोपवलेली आहे, आणि तिचे गुणदोष बव्हंशी याच एका गोष्टीतून निघतात.

तिचा पाया संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला शासकीय सेवकास बडतर्फ करता येत नाही, आणि आरोप कळवून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज त्याला नोकरीतून घालवता किंवा पदावनत करता येत नाही. फौजदारी गुन्ह्यात दोषसिद्धी, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नसणे आणि राज्याची सुरक्षितता हे याचे तीन अपवाद आहेत. त्यांपैकी दुसरा वापरताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. निरीक्षक व त्याखालील पदांना १९५१ चा पोलीस अधिनियम (पूर्वीचा मुंबई, आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याची कलमे २५ ते २७ आणि शिक्षा व अपिले यांविषयीचे १९५६ चे नियम लागू होतात. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांसाठी अखिल भारतीय सेवांचे १९६९ चे नियम आहेत. त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार राज्याला नाही, तो केंद्र शासनाकडे आहे.

तक्रार आली की प्रथम प्राथमिक चौकशी होते. तिचा हेतू दोष ठरवण्याचा नसून पुढे जाण्याइतका आधार आहे की नाही, एवढेच पाहण्याचा असतो. आधार दिसल्यास किरकोळ बाबतीत कारणे दाखवा नोटीस निघते, तर गंभीर बाबतीत दोषारोपपत्र देऊन चौकशी अधिकारी नेमला जातो, साक्षीदार तपासले जातात आणि अपचाऱ्याला, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहेत त्या कर्मचाऱ्याला, त्यांची उलटतपासणी घेता येते. इथे पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही. फौजदारी न्यायालयाला लागतो तसा निःसंशय पुरावा नको असतो, संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते हे पाहिले जाते. त्यामुळे न्यायालयातून सुटलेला शिपाई विभागीय चौकशीत दोषी ठरू शकतो, आणि यात विसंगती नाही. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या निर्णयापूर्वी अपचाऱ्याला दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणात ठरवले.

शिक्षांची उतरंड ताकीद, ठपका, जादा कवायत, एक महिन्याच्या वेतनापर्यंतचा दंड आणि वेतनवाढ रोखणे येथून सुरू होऊन पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी येथवर जाते. शेवटच्या दोहोंत फरक असा की, काढून टाकलेल्याला पुन्हा शासकीय नोकरीचा मार्ग खुला राहू शकतो, बडतर्फ झालेल्याला तो सामान्यतः बंद होतो. वृत्तपत्रे ज्याला सर्रास शिक्षा समजतात ते चौकशीकाळातील निलंबन ही प्रत्यक्षात शिक्षा नव्हे; त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, आणि दोषारोपपत्र न देता ते तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. नियंत्रण कक्षात बदली तर शिक्षांच्या यादीत कुठेच नाही, तरी लोकक्षोभ शमवण्यासाठी हाताशी पहिले तेच साधन येते.

कागदावर ही प्रक्रिया आरोपीला पुरेसे संरक्षण देणारी आहे. तिची खरी दुर्बलता आरंभी आहे : चौकशी लावायची की नाही, हे बहुधा त्याच साखळीतला वरिष्ठ ठरवतो, आणि ठाण्याच्या कारभाराचा दोष काही अंशी त्याच्याही माथी येत असतो. चौकशी अधिकारीही त्याच दलाचा असतो. तक्रारदार नागरिक या सगळ्यात पक्षकार नसून केवळ साक्षीदार असतो. उलट, शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांकडे अपील आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, असे मार्ग खुले असतात.

या उणिवेवर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक राहतील असे म्हटले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. जिल्ह्याऐवजी मात्र विभागीय पातळी स्वीकारली. हे प्राधिकरण तक्रार ऐकून आपला अहवाल शासनाकडे पाठवते. दोषारोपपत्र देण्याचा आणि शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही.