हलक्या पेटीचा इतिहास



सात शहरें, पंधरा दिवस आणि माणशीं एकच लहान पेटी, असा बेत करून युरोपच्या फेरीस निघणारीं कुटुंबें आतां आपल्याकडे दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. पेटी लहान ठेवल्याचें श्रेय साधारणतः गृहिणीच्या चातुर्याला किंवा गृहस्थाच्या काटकसरीला दिलें जातें. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र या श्रेयाचे वाटेकरी दुसरेच दिसतात. प्रवासी जें घरीं ठेवून जातो, तें पुढच्या मुक्कामावर कोणी तरी सिद्ध ठेवलें आहे असा त्याला भरंवसा असतो, म्हणून पेटी लहान होते. हा भरंवसा युरोपांत कसा उत्पन्न झाला आणि कोणाच्या वाट्याला तो आला नाहीं, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

टॉमस कॉरियट हा इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत ऑडकोम नांवाच्या खेड्यांतील पाद्र्याचा मुलगा. १६०८ सालच्या मे महिन्यांत त्यानें डोव्हर बंदर सोडलें. पॅरिस, लिऑं, आल्प्सचा घाट, तुरिन, मिलान असें करीत तो व्हेनिसला पोहोंचला आणि तेथें सुमारें सहा आठवडे राहिला. परततांना झुरिक, बाझल, स्ट्रासबुर्ग, हायडेलबर्ग, कोलोन हीं शहरें पाहून, ऱ्हाईनच्या कांठानें हॉलंड गांठून ऑक्टोबरांत तो स्वदेशीं आला. पांच महिने, ४५ शहरें आणि त्याच्या स्वतःच्या हिशेबानें १९७५ मैल! यांतील बरीच वाट त्यानें पायीं तुडविली, आणि तीहि एकाच जोड्यावर. त्या जोड्याची दुरुस्ती काय ती एकदां झुरिक येथें करावी लागली. घरीं आल्यावर त्यानें तो जोडा गांवच्या चर्चमध्यें टांगून ठेवला. १६११ सालीं या प्रवासाचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. इटलींतील लोक जेवतांना कांट्याचा उपयोग करतात ही नवलाची वार्ता त्यानें त्यांत मोठ्या कौतुकानें दिली आहे.

या गृहस्थाचा आपल्याशींहि संबंध आहे. १६१२ मध्यें तो पुन्हां निघाला आणि जेरुसलेम, अलेप्पो, इराण या मार्गानें चालत १६१५ सालीं अजमेरास पोहोंचला. अलेप्पोपासून बादशाही दरबारापर्यंतच्या दहा महिन्यांत आपला सारा खर्च तीन पौंड झाला असें त्यानें घरीं कळविलें. जहांगीर बादशहा झरोक्यांत बसला असतां यानें खालून फारसी भाषेंत त्याची स्तुति केली, आणि बादशहानें वरून शंभर रुपये टाकले. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो तेव्हां दरबारींच होता. आपला देशबांधव असा हात पसरतो हें त्याला मुळींच रुचलें नाहीं. १६१७ च्या डिसेंबरांत सुरतेस कॉरियटला मृत्यूनें गांठलें.

कॉरियटचें ओझें हलकें होतें, पण तो धडा गिरविण्याजोगा होता असें मला वाटत नाहीं. तो एकटा होता, उवांना भीत नव्हता, आणि त्याच्या खिशांत ओळखीच्या माणसांचीं पत्रें होतीं. व्हेनिस येथील इंग्रज वकिलाच्या नांवचें एक पत्र तर त्याला फार उपयोगीं पडलें. ज्याला अशीं पत्रें मिळत नसत, किंवा ज्याला अशा हालांत राहणें मंजूर नसे, त्यानें काय करावें? त्यानें घर बरोबर घ्यावें, हाच पुढील दोनशें वर्षांचा रिवाज पडला.

सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज उमराव आपल्या तरुण मुलांना शिक्षणाची समाप्ति म्हणून फ्रान्स-इटलीच्या फेरीस धाडीत. या फेरीला ‘ग्रँड टूर’ म्हणत. बरोबर एक पंतोजी, एक नोकर आणि स्वतःची गाडी असे. ही गाडी मों सनी घाटाच्या पायथ्याशीं येऊन थबके, कारण पुढें गाडीरस्ताच नव्हता. तेव्हां ती सुटी करून तिचे भाग खेंचरांवर लादीत, आणि खुद्द प्रवाशांना दांडे लावलेल्या खुर्च्यांत बसवून भोई पलीकडे नेत. १७३९ सालीं होरेस वॉलपोल आणि कवि टॉमस ग्रे हे ऐन नोव्हेंबरांत तेथून गेले. बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या कातड्याच्या टोप्या, हातमोजे, पायमोजे, शिवाय अस्वलाचीं कातडीं, इतका त्यांचा सरंजाम होता. वॉलपोलचा लाडका कुत्रा गाडीजवळ धांवत असतां लांडग्यानें दिवसाढवळ्या उचलून नेला. अस्वलाच्या कातड्यांचा त्याला कांहीं उपयोग झाला नाहीं.

या काळच्या सामानाची खरी खानेसुमारी पाहावयाची तर मरियाना स्टार्क या बाईचें १८२० सालीं निघालेलें प्रवासमार्गदर्शक पुस्तक पाहावें. ही बाई मोठी जाणती. कोणतें चित्र किती चांगलें हें ती उद्गारचिन्हांच्या संख्येवरून सांगे! प्रवाशानें बरोबर न्यावयाच्या वस्तूंची तिची यादी वाचतांना मला लग्नघरच्या याद्यांची आठवण झाली. कातड्याच्या चादरी, उशा, पांघरुणें, मच्छरदाणी, कोणत्याहि दाराला पांच मिनिटांत बसविता येईल असें कुलूप, पिस्तुलें, जेवणाचे चाकू, चहाची किटली, औषधांची पेटी व तराजू, आणि अंथरुणावर शिंपडून ढेकूण-पिसवा पळविण्यासाठीं लव्हेंडरचें तेल. हंसूं येतें, पण यादीचा अर्थ लावून पाहावा. दाराला कडी नाहीं म्हणून कुलूप. वाटेवर चोर म्हणून पिस्तूल. गादींत ढेकूण म्हणून चादर. गांवांत वैद्य नाहीं म्हणून तराजू. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागें एक अविश्वास उभा आहे, आणि तो त्या काळीं रास्त होता.

एक वस्तु मात्र यापूर्वींच हलकी झाली होती, ती म्हणजे पैसा. रॉबर्ट हेरीज या सावकारानें १७७० च्या सुमारास अशी चिठ्ठी काढली कीं, ती लंडनमध्यें विकत घ्यावी आणि युरोपांतील अनेक शहरांच्या पेढ्यांवर वटवावी. आपल्या वाचकांना यांत नवल वाटूं नये. पुणें-काशी हुंडी पेशवाईंत चालतच होती. नाण्यांच्या थैल्या बाळगून काशीयात्रा करणें म्हणजे ठगांना आमंत्रणच होतें.

यानंतर आगगाडी आली. आगगाडीचा पहिला गुण वेग असें सर्व सांगतात. ओझ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तिचा पहिला गुण म्हणजे तिनें सामान तोलावयास लावलें. फ्रान्सच्या गाडींत ३० किलो सामान फुकट जाई; इटलींत हातीं घेऊन डब्यांत बसता येईल तेवढेंच फुकट, बाकी सर्वांस भाडें. शिवाय प्रत्येक सरहद्दीवर जकातनाका, आणि पेटी उघडतेवेळीं धन्यानें जातीनें हजर राहावें असा दंडक. चार देशांत फिरावयाचें असेल तर ज्या देशाचा नियम सर्वांत कडक त्याच्या मापानें सामान बांधणें भागच होतें. विमानाचीं निरनिराळीं वजनें ताडून पाहणाऱ्या आजच्या प्रवाशाला ही युक्ति नव्यानें शिकविण्याची जरुरी नाहीं.

हे सारे नियम, भाडीं, वेळापत्रकें आणि खानावळींचे दर एका लहान तांबड्या पुस्तकांत आणून ठेवणारा पुरुष म्हणजे कार्ल बेडेकर. नांवावरून हा कोणी कोंकणांतला वाटेल, पण तो कोब्लेंझ शहरचा जर्मन पुस्तकविक्या. १८३५ साली त्यानें ऱ्हाईनच्या प्रवासाचें पुस्तक सुधारून काढलें, आणि पुढें एकेक देश घेतला. मिलानच्या देवळाच्या पायऱ्या चढतांना तो वीस पायऱ्यांमागें एक वाटाणा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत टाकीत असे आणि उतरतांना तोच हिशेब उलटा करी, अशी त्याची एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्याच्या पुस्तकांची ख्याति अशा काटेकोरपणावरच झाली. खानावळ स्वच्छ आहे असें बेडेकरानें लिहिलें, म्हणजे चादर घरीं राहिली.

दुसरा पुरुष इंग्लंडचा टॉमस कुक. हा मूळचा सुतार व दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोला भरलेल्या दारूबंदीच्या सभेसाठीं त्यानें पांचशेंच्या आसपास माणसें एका शिलिंगांत आगगाडीनें नेली. १८६३ मध्यें तो मंडळी घेऊन स्वित्झर्लंडला गेला, १८६८ पासून खानावळींचीं कुपनें आणि १८७४ पासून चलन-चिठ्ठ्या विकूं लागला. १८८१ सालीं त्याच्या पेढीची शाखा मुंबईस निघाली. पुढें १७८ वर्षें चाललेली ती ब्रिटिश कंपनी २०१९ च्या सप्टेंबरांत बुडाली.

तरी जें परक्या मुलुखांत मिळणारच नाहीं, तें बरोबर न्यावेंच लागतें. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह लंडनला गेले. विलायतेंतलें पाणी धर्माला चालेना, म्हणून त्यांनीं ‘ऑलिंपिया’ नांवाची आगबोट भाड्यानें घेऊन प्रचंड चांदीच्या घागरींतून गंगाजल नेलें. त्या प्रत्येक घागरींत सुमारें चार हजार लिटर पाणी मावतें. जयपूरच्या राजवाड्यांत त्या आजहि पाहावयास मिळतात. आपल्या पेटींतील मेतकुटाची पुडी ही त्या घागरींची धाकटी बहीण होय. मेतकूट खुशाल न्यावें. तूप व पेढे मात्र नेऊं नयेत, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघांत मनाई आहे.

१९१४ पर्यंत पश्चिम युरोपांत बहुतेक ठिकाणीं पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. महायुद्धानें तो भरंवसा मोडला आणि युद्ध संपल्यावरहि पासपोर्ट गेला नाहीं. उलट १९२० च्या पॅरिस परिषदेंत त्याचा नमुना ठरला. ज्यांना कोणताच देश आपलें म्हणेना, अशा निर्वासितांसाठीं १९२२ मध्यें नान्सेन यांच्या नांवाचा दाखला काढावा लागला.

आणि मग अशी एक वेळ आली कीं, हलकें ओझें ही शिक्षा झाली. डिसेंबर १९३८ पासून सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पेटेपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियांतून सुमारें दहा हजार मुलें, बहुतेक ज्यू घरांतलीं, आईबापांवांचून इंग्लंडला पाठविण्यांत आलीं. आगगाडीनें हॉलंडचा किनारा, तेथून बोटीनें हारिच बंदर. प्रत्येक मुलाला एक लहान पेटी नेण्याची परवानगी होती. रोख रक्कम दहा मार्क. मौल्यवान वस्तु कांहीं नाहीं. गळ्यांत क्रमांकाची चिठ्ठी. त्या पेट्या भरणाऱ्या आयांनीं काय निवडलें असेल आणि काय काढून ठेवलें असेल, याचा विचार मनांत आला म्हणजे हलक्या सामानाच्या चातुर्याविषयीं बोलतांना माझी जीभ अडखळते. मुलगा वर्षभरांत वाढेल म्हणून एक माप मोठा कोट घालावा, तर तेवढ्यानेंच पेटी भरते. पलीकडे कोणी तरी आपल्या मुलाला वाढवील, याच एका भरंवशावर त्या पेट्या बंद झाल्या. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या मुलांना आपले आईबाप पुन्हां दिसले नाहींत.

त्या संहारानंतर युरोपनें भरंवसा पुन्हां हळूहळू जुळविला. १९७२ सालीं २१ वर्षांखालील तरुणांसाठीं २१ देशांत महिनाभर चालणारें एकच आगगाडीचें तिकीट निघालें. रात्रीच्या गाडींत झोंपावें, दिवसा शहर पाहावें, आणि पाठीवर एक पिशवी. १९८५ मध्यें लक्झेंबर्गांतील शेंगेन गांवीं पांच देशांनीं आपसांतील सरहद्दीवरची तपासणी उठविण्याचा करार केला. १९९५ पासून तो अमलांत आला आणि आज त्यांत २९ देश आहेत. २००२ च्या १ जानेवारीपासून बारा देशांत एकच नाणें चालूं लागलें.

तेथल्या माणसाची पेटी अशा रीतीनें हलकी झाली. आपली पेटीहि हलकी झाली, पण तिच्याबरोबर एक फाईल आली. शेंगेनच्या परवान्यासाठीं आपणांस बँकेचे उतारे, नोकरीचे दाखले, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. स्टार्कबाईच्या यादींत खानावळींविषयींचा अविश्वास प्रवाशाच्या मनांत होता. या फाईलींत प्रवाशाविषयींचा अविश्वास यजमानाच्या मनांत आहे. मला हा फेरफार आवडत नाहीं, पण नियम तो नियम. अर्ज कोणत्या देशाच्या वकिलातीकडे करावा हेंहि ठरलेलें आहे: जेथें सर्वांत अधिक राहावयाचें त्या देशाकडे, आणि दिवस सारखेच भरत असतील तर जेथें प्रथम पाऊल ठेवावयाचें त्या देशाकडे. तेव्हां पेटी काढण्यापूर्वीं कोठें किती दिवस तें कागदावर मांडून घ्यावें, आणि मगच तिकिटांकडे वळावें.