न्यूजेनलिब

न्यूजेनलिब : ग्रंथालयातील तालिकीकरण, देवघेव, खरेदी आणि नियतकालिकांच्या नोंदी सांभाळणारी भारतीय मुक्तस्रोत संगणकप्रणाली. हैदराबादच्या व्हेरस सोल्युशन्स या कंपनीने ती बांधली. ग्रंथालयशास्त्राची बाजू तेथीलच केशवन इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन अँड नॉलेज मॅनेजमेंट या संस्थेने सांभाळली. राष्ट्रीय ग्रंथालयाचे ग्रंथपाल बी. एस. केशवन यांचे नाव या संस्थेला दिलेले आहे.

उपक्रमामागची मुख्य व्यक्ती एल. जे. हरावू. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत त्यांनी ग्रंथालय व माहितीसेवेचे काम पाहिले. ग्रंथालयातील रोजची अडचण जाणणारा माणूस प्रणाली घडवण्यात होता, हे या प्रणालीचे खरे बळ.

पहिली आवृत्ती मार्च २००५ मध्ये आली. ९ जानेवारी २००८ रोजी ती जीएनयू जीपीएल परवान्याखाली मुक्त झाली. आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येऊ लागली. प्रणालीच फुकट दिल्यावर कंपनी जगणार कशावर? बसवून देणे, जुन्या नोंदी चढवणे, प्रशिक्षण आणि देखभाल यांच्या मोबदल्यावर. हा धंदा धीराचा आहे, पण त्यात ग्रंथालय कोणाला बांधील राहत नाही.

जगात हा मार्ग आधी न्यूझीलंडच्या ‘कोहा’ने चोखाळला. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांत ती प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली. पुढे तिच्यावर उभी राहिलेली लिबलाइम ही अमेरिकी कंपनी २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली, तरी आज्ञावली खुली असल्याने कोहाचे काम थांबले नाही. आज भारतात कोहाचा प्रसार अधिक दिसतो. एकाच कंपनीवर फार विसंबणे ही न्यूजेनलिबची उणी बाजू.

न्यूजेनलिब युनिकोडवर चालते, त्यामुळे मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीतच करता येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या खेड्यांतील वाचनालयांना याचे मोल मोठे. हिंगोली जिल्ह्यात पूर्णेच्या धरणाकाठी वसलेल्या सिद्धेश्वरसारख्या गावात परवान्याचे पैसे वाचतात, हे खरेच. संगणक बिघडला की मदत कुठून येणार, हा प्रश्न मात्र उरतो. म्हणून अशा गावातील ग्रंथपालांनी कोणतीही प्रणाली घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : आपल्या नोंदी मार्क-२१ या प्रमाण स्वरूपात बाहेर काढता येतात का, आणि दुरुस्तीला येणारा माणूस किती लांब राहतो?