खासगी विद्यापीठाच्या 'नॅक' ग्रेडमध्ये ग्रंथालयाचा वाटा किती?

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांच्या जाहिराती सुरू होतात. 'नॅक ए प्लस', 'एनबीए मानांकित' अशी बिरुदं आणि चकचकीत ग्रंथालयाचे फोटो त्यात हमखास असतात. पण मानांकन देताना ग्रंथालयात नेमकं काय पाहिलं जातं?

नॅक आणि एनबीएमध्ये फरक काय?

दोन्ही यंत्रणा १९९४ मध्ये सुरू झाल्या. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करते. एनबीए मात्र अभियांत्रिकी, व्यवस्थापन, फार्मसी अशा क्षेत्रांतल्या एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते. त्यामुळे विद्यापीठाची नॅक ग्रेड चांगली असली, तरी तिथला प्रत्येक अभ्यासक्रम एनबीए मानांकित असेलच असं नाही. ग्रंथालयाचा विचार दोन्हीकडे होतो.

नॅक काय तपासते?

२०१७ मध्ये लागू झालेल्या नॅकच्या पद्धतीत सात निकष आहेत. त्यातल्या चौथ्या निकषात, म्हणजे पायाभूत सुविधांमध्ये, ग्रंथालय येतं. त्यात मुख्यतः या गोष्टी पाहिल्या जातात:

- पुस्तकांची नोंद आणि देवघेव संगणकावर होते का
- ई-जर्नल्स, ई-बुक्स आणि डेटाबेसची वर्गणी भरलेली आहे का
- पाच वर्षांत पुस्तकं आणि जर्नल्सवर किती खर्च झाला
- रोज किती विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात, ऑनलाइन लॉगिन किती होतात

म्हणजे नुसती भरलेली कपाटं पुरेशी नाहीत. खरेदीची बिलं आणि वापराच्या नोंदीही दाखवाव्या लागतात.

पण विद्यापीठांसाठी एकूण १००० गुणांपैकी ग्रंथालयाला थेट मिळतात फक्त २०. त्यामुळे ग्रंथालय कमकुवत असूनही एकूण ग्रेड चांगली येऊ शकते. ग्रेडची ही पद्धत बदलण्याची घोषणा नॅकने २०२४ मध्ये केली असली, तरी आधी मिळालेल्या ग्रेड जाहिरातींत दिसतातच.

खासगी विद्यापीठांबाबत हा प्रश्न महत्त्वाचा का?

छत्तीसगडने २००२ मध्ये केलेल्या कायद्याचा आधार घेऊन अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं निघाली. अनेकांकडे ना कॅम्पस होता, ना ग्रंथालय. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातल्या मूळ तरतुदीच रद्द केल्या आणि ही विद्यापीठं कायद्याने उरली नाहीत. तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांची वेगळी सोय करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला.

आजचा प्रश्न जर्नल्सच्या खर्चाचा आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ६,००० कोटी रुपयांची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. त्यातून सुमारे १३,००० जर्नल्स खुली होतात, पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. खासगी विद्यापीठांचा त्यात समावेश नव्हता. त्यांना महागडी वर्गणी स्वतःच भरावी लागते आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ही वर्गणी कमी करणं सोपं असतं. त्याचा फटका प्रोजेक्ट आणि पीएचडी करणाऱ्यांना बसतो.

प्रवेशाआधी काय पाहावं?

नॅकला सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल, म्हणजेच एसएसआर, विद्यापीठाच्या वेबसाइटवर द्यावा लागतो. त्यात ४.२ हा भाग ग्रंथालयाचा असतो. खर्चाचे आकडे वर्षनिहाय पाहावेत. चार वर्षं नाममात्र आणि शेवटच्या वर्षी एकदम मोठी खरेदी दिसली, तर कारण विचारावं. आपल्या शाखेची कोणती जर्नल्स मिळतात, घरून लॉगिन करता येतं का आणि परीक्षेच्या काळात वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून समजू शकतं. आणि एनबीएचा दावा असेल, तर आपला अभ्यासक्रम आणि मानांकनाची मुदत एनबीएच्या वेबसाइटवर तपासून घ्यावी.