संगीतचरित्रपट, मराठी
संगीतचरित्रपट, मराठी : संतकवी, शाहीर, गायक किंवा संगीत रंगभूमीवरील नट यांच्या आयुष्यावर बेतलेला मराठी चित्रपट. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘बालगंधर्व’ (२०११), ‘मी वसंतराव’ (२०२२), ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) आणि ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ (२०२४) ही या प्रकाराची ठळक उदाहरणे. हे चित्रपट इतिहासाशी किती प्रामाणिक आहेत, याची चर्चा सहसा चेहरेपट्टी, पोशाख आणि प्रसंगांची सत्यता यांभोवती फिरते. संगीताच्या इतिहासाला एवढे पुरत नाही. गाणे मुळात कोणाचे, ते कोणाच्या हातून घडले आणि त्या काळच्या श्रोत्यांनी ते कशा रूपात ऐकले, हे प्रश्न तिथे आधी येतात. त्यांची उत्तरे चित्रपटाने जपली नाहीत, तर चरित्र खरे राहूनही संगीताचा इतिहास खोटा ठरू शकतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये सापडतो. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ ही रचना शांताराम आठवले यांची. पण ती अभंगाच्या वळणात इतकी चपखल बसली, की अनेकांनी ती तुकोबांचीच मानली. आठवल्यांच्या प्रतिभेला ही मोठीच दाद आहे. मात्र चित्रपट स्वतःच इतिहासाचे साधन बनून तुकोबांच्या मूळ गाथेच्या शेजारी कसा जाऊन बसतो, हेही त्यातून दिसते. ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये रामजोशींच्या मूळ रचनांबरोबर ग. दि. माडगूळकरांची नवी गीते आली आणि पेशवाईतली लावणी कुठे संपते व १९४७ची कुठे सुरू होते, हे सामान्य श्रोत्याला ओळखणे अवघड झाले. शाहीर साबळ्यांच्या आयुष्यावरील ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये अजय-अतुल यांचे ‘बहरला हा मधुमास’ घराघरांत पोचले; ते गाणे २०२३चे आहे, शाहीर साबळ्यांचे नव्हे.

‘बालगंधर्व’ या चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचे आणि आनंद भाटे यांना पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. रूप आणि गळा या दोन बाबी किती कसून सांभाळल्या होत्या, याची ही पावतीच होय. गायक-नट बालगंधर्वांचे गाणे मात्र एकट्या गळ्याचे नव्हते. ‘मानापमान’च्या (१९११) पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या, गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. नाटक रात्र रात्र चाले, ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा नव्याने फुलत जाई. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात अशा पदाला काही मिनिटेच मिळतात. मग बैठकीसारखे वाढत जाणारे गाणे तयार, आटोपशीर गीतासारखे ऐकू येते, आणि चाल बांधणारे व साथ करणारे नायकाच्या तेजात झाकले जातात.

यावर आक्षेप घेतला जातो, की चित्रपट ही कलाकृती आहे, दफ्तर नव्हे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रिका तरी कुठे पूर्ण सत्य सांगतात? तीही सुमारे तीन मिनिटांत कोंबलेली पदेच आहेत. आक्षेपात तथ्य आहे, आणि हुबेहूब नक्कल हे प्रामाणिकपणाचे माप असूही नये. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मुळात काल्पनिक कथा आहे. तिथे जितेंद्र अभिषेकींच्या नाट्यपदांसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी येण्यात कोणाची फसवणूक होत नाही. खऱ्या माणसाचे नाव घेतले की जबाबदारी बदलते. दुसरा आक्षेप असा, की घरच्यांनी काढलेला चित्रपट गौरवगाथाच होणार. ‘मी वसंतराव’मध्ये नातू राहुल देशपांडे आजोबांची, म्हणजे गायक वसंतराव देशपांड्यांची, भूमिका करतात, स्वतः गातात आणि संगीतही देतात, ‘महाराष्ट्र शाहीर’चे दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळ्यांचे नातू. आदराचे ओझे दोन्हीकडे आहे. पण ‘मी वसंतराव’ लष्करी लेखा खात्यातील नोकरी आणि गाणे यांची दीर्घ ओढाताण दाखवतो, आणि मूळ ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतरावांना १९६७ साली मिळालेले यश त्या खर्डेघाशीनंतरचे होते, हे प्रेक्षकाला उमगते. गाणे कोणत्या परिस्थितीत तगले, हे सांगणे हाही संगीताचाच इतिहास आहे.

म्हणून या प्रकाराकडून अपेक्षा करायची ती साधी आणि पाळता येण्याजोगी आहे : मूळ रचना कोणती व नवी कोणती हे श्रेयनामावलीत स्पष्ट लिहावे, चालकार व साथीदार यांना कथेत जागा द्यावी, आणि निदान एक गाणे त्याच्या मूळ ऐसपैस वाढीसह ऐकू द्यावे. नव्या पिढीतील अनेकांची बालगंधर्व किंवा साबळे यांच्याशी पहिली ओळख पडद्यावरच होते. ती ओळख त्यांना मूळ गाण्यापर्यंत पोचवते की त्याच्या जागी स्वतःच बसते, यावर चित्रपटाचा खरेपणा ठरतो.